पल्याडची

दुपारचा चहा झाला की देखभालीला असलेली रूपा प्रत्येक बाईपुढे एकेक सूप ठेवायची आणि त्यात मूठभर गहू, मूठभर हरभरे एकत्र करून टाकायची. बायका ते निवडत बसायच्या. संध्याकाळी रूपा सगळं पुन्हा कालवून डब्यात भरायची आणि दुसऱ्या दिवशी तेच सूप, तेच गहू, तेच हरभरे. प्रमिलाबाई नव्याने इथे आल्या तेव्हा त्यांना ही फसवणूक वाटली होती. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की ज्या बाईला पोटचा मुलगा ओळखू येत नाही, तिच्या बोटांना हरभरा बरोबर ओळखू येतो. मग त्याही एक सूप घेऊन बहिणीशेजारी बसू लागल्या.

'विसावा' म्हणजे गिरणेच्या उंच काठावरची कापसाची एक बंद पडलेली जिनिंग. मालकांच्या वारसांनी ती जागा धर्मादाय संस्थेला देऊन टाकली आणि जिथे कापसाच्या गासड्या रचायच्या त्या लांबलचक शेडमध्ये पलंग आले, पंखे आले, विसरलेल्या बायका आल्या. वारा सुटला की छताच्या कैच्यांमधून अजूनही कापसाचा एखादा पुंजका तरंगत खाली यायचा आणि कुणाच्या तरी पांढऱ्या केसांत अडकायचा. मागच्या बाजूला नदीकडे तोंड केलेला दगडी ओटा होता. उन्हं कलली की रूपा सगळ्यांना तिथे आणून बसवायची. समोर चैत्रातली गिरणा, म्हणजे नुसती वाळू. त्या वाळूपलीकडे हेमराज पाटलाची केळीची बाग, हिरवी, गच्च, वाऱ्याने सळसळणारी.

प्रमिलाबाईंना स्वतःला काही झालेलं नव्हतं. धुळ्याच्या मुलींच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर शास्त्र शिकवलं होतं आणि अजूनही त्या सकाळी पेपरातलं शब्दकोडं पेनने सोडवत. यजमान गेलेले, मूलबाळ नाही. पाचोऱ्याला दिलेली धाकटी बहीण भागाबाई हळूहळू सगळं विसरत गेली, तिच्या मुलाने सुरतेहून येऊन तिला इथे आणून ठेवलं, तेव्हा प्रमिलाबाई धुळ्याच्या घराला कुलूप लावून तिच्यासोबत राहायला आल्या. संस्थेने परवानगी दिली. चार महिन्यांत बायका, स्वयंपाकीण, गेटवरचा माणूस, सगळे त्यांना अक्का म्हणू लागले. एक भागी सोडून. भागी दिवाळीच्याही आधीपासून काहीच बोलत नव्हती. जळगावहून येणारे डॉक्टर म्हणाले होते, "वाचा आता परत येणार नाही, बाई. तुम्ही आस लावून बसू नका."

प्रमिलाबाई आस लावून बसल्या होत्या. त्यांना फार काही नको होतं. भागीने एकदा त्यांच्याकडे बघून अक्का म्हणावं, एवढंच.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली होती. उन्हाने शेडचे पत्रे तडतडत होते. अशा एका उतरत्या दुपारी भागाबाई ओट्यावरून उठून उभी राहिली. तिने पदर कमरेला खोचला, नदीकडे तोंड केलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"तुमना गावना नवरदेव घोडावरतीन पडना, वऱ्हाड बठ्ठं जेवी गयं, तो गोठामा दडना."

प्रमिलाबाईंच्या हातातलं सूप खाली पडलं. गहू-हरभरे ओट्यावर सांडले.

"अक्का," रूपा म्हणाली, "भागाआजी बोलल्या."

"बोलली नाही," प्रमिलाबाईंना हसू आणि रडू एकदम फुटलं, "बार खेळतेय गं ती. बार."

रूपा जळगाव शहरातली. तिला बार ठाऊक नव्हता. प्रमिलाबाईंनी तिला सांगितलं, आणि सांगता सांगता त्यांचे डोळे चमकू लागले. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी आल्या की सकाळी गौराई, मग निंबाला बांधलेले झोके, गाणी आणि तिसऱ्या प्रहरी बार. नदीच्या या काठाला आपल्या गावच्या पोरी, त्या काठाला पल्याडच्या गावच्या. मग एकमेकींना अशा शिव्या की ऐकणाऱ्याने कानावर हात ठेवावेत. ढेकळंसुद्धा फेकायच्या. बाप्यांनी तिकडे फिरकायचं नाही आणि कुणी राग मानायचा नाही. ज्या काठाला उत्तर सुचेनासं होईल तो काठ हरला. मग जिंकलेल्या पोरी वाळू तुडवत पलीकडे जायच्या आणि तिकडची एक पोर ओढून आपल्या काठाला आणायच्या. "पांझरा नदीच्या काठी आमच्या गावाची पुढारीण मीच होते," प्रमिलाबाई म्हणाल्या. "आणि ही माझं शेपूट. मी शिवी दिली की हिने तीच पुन्हा द्यायची."

"पण अक्का, समोर तर कुणी नाही."

"तिला असेल."

डोक्यातलं अलीकडचं पुसलं जातं आणि तळातलं वर येतं, हे प्रमिलाबाईंनी वाचलेलं होतं. त्यात गूढ काही नव्हतं. त्या रात्री त्यांना आनंदाने झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी भागाबाई चहाच्या आधीच ओट्यावर जाऊन उभी. आणि तिच्या दोन्ही बाजूंना बाकीच्या बायकाही उभ्या. ज्यांना धरून उठवावं लागायचं त्यासुद्धा. एकेकीच्या तोंडून शिव्या अशा बाहेर पडत होत्या की स्वयंपाकीण पदरात तोंड घालून हसत बसली. एक शिवी, मग थोडी शांतता, मग सगळ्याजणी खवळून किंवा खदखदून हसून तिला उत्तर देत. तेवढ्या शांततेत त्या काहीतरी ऐकत होत्या. माना एकाच वेळी वळत होत्या. हसू एकाच वेळी फुटत होतं.

शहनाजबीही त्यांच्यात होत्या. त्या भुसावळच्या रेल्वे कॉलनीत जन्मल्या, तिथेच वाढल्या. खेड्यातला बार त्यांनी कधी पाहिला नव्हता. दिवसभर त्या एकच विचारायच्या, "गाडी आली क्या?" त्या शहनाजबी हात नाचवत ओरडत होत्या, "तुमनी भाकर जयेल, तुमनी डाय पानी."

प्रमिलाबाईंनी मनाशी म्हटलं, ऐकून ऐकून उचललं असेल. कान तर शाबूत आहेत.

मग भागाबाईने हात कमरेवर ठेवले आणि रागाने लाल होऊन म्हणाली, "मनी अक्काले टकली कसाले म्हनतस? तिना केस तापमुये गयात. येतीन परत."

प्रमिलाबाई जागच्या जागी थिजल्या. लहानपणी विषमज्वरात त्यांचे सगळे केस गेले होते. डोक्याला फडकं बांधून त्या बार खेळायला गेल्या होत्या आणि पल्याडच्या पोरींनी त्यांना टकली म्हणून बेजार केलं होतं. ते पाहिलेलं आता भागीशिवाय कुणी उरलं नव्हतं. पण त्यांच्या मनात भीती आली नाही, उलट ऊर भरून आला. भागीच्या आत अजून अक्का होती. अक्कासाठी भागी भांडत होती.

त्या पुढे होऊन भागीच्या समोर उभ्या राहिल्या. तिचे दंड धरले. "भागी, मीच गं अक्का. बघ माझ्याकडे."

भागाबाईने मान तिरकी करून त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघितलं. "सरक ना व माय. दिखत नही."

"अक्का कुठाय तुझी?"

"ही काय," भागाबाई म्हणाली आणि आपल्या डाव्या बाजूला बोट दाखवलं. तिथे कुणी नव्हतं. पण बायका खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या आणि तिथे मात्र एका माणसापुरती जागा त्यांनी सोडली होती.

प्रमिलाबाई त्या जागेत जाऊन उभ्या राहिल्या. भागाबाईने त्यांना कोपराने ढकलून बाहेर काढलं.

असं रोज चाललं. 'विसावा'चं रूपच पालटलं. बायका पोटभर जेवू लागल्या, गाढ झोपू लागल्या, गोळ्या न थुंकता गिळू लागल्या. डॉक्टरांनी भागाबाईला बोलताना ऐकलं आणि मोबाईलवर तिचं चित्रण करून घेतलं. घरी जाऊन ऐकलं तर आवाज नीट आला नव्हता म्हणे, वारा फार होता. रूपाही आता चहा घाईने उरकायची, तिलाही पुढची शिवी ऐकायची असायची. सगळ्या घराला लग्नघरासारखी धांदल चढली होती. प्रमिलाबाई तेवढ्या ओट्याच्या कडेला बसून असायच्या, खूश आणि उपाशी.

एकदा त्यांच्या पायाशी धपकन एक ढेकूळ येऊन पडलं. त्यांनी ते उचललं. अलीकडचा काठ पांढऱ्या मातीचा. ढेकूळ काळं होतं, ओलसर, केळीच्या बागेतलं. शाळेतल्या गोळाफेकीच्या स्पर्धा त्यांनीच भरवल्या होत्या. एवढं लांब फेकणारा गडी त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांनी ते फोडलं, वास घेतला, आणि कुणाला काही न सांगता ओट्याखाली टाकून दिलं.

आखाजीच्या आदल्या दिवशी हेमराज पाटील केळीचे घड घेऊन आला. दर सणाला तो द्यायचा. घड उतरवून झाल्यावर पाणी पिता पिता म्हणाला, "अक्का, एक विचारू का? आता लहान पोरी पण ठेवायला लागल्या का तुम्ही?"

"कोण लहान पोरी?"

"रोज दुपारी कालवा असतो ना तुमच्या ओट्यावर. माझ्या बागेत स्पष्ट ऐकू येतो. दहा-बारा वर्षांच्या पोरी असाव्यात तसा आवाज." तो हसला. "आणि शिव्या अशा, की माझे मजूर काम सोडून ऐकत बसतात."

"त्या आमच्याच म्हाताऱ्या आहेत, हेमराज."

"काय सांगता. मी काय म्हातारीचा आवाज ओळखत नाही? माझी माय नव्वदीची शे घरी. एक तर पुढारीण शे त्यांच्यात, भारी तिखट. आणि तिच्या मागून एक बारकी तेच तेच म्हणते. भागी म्हणतात तिला बाकीच्या."

प्रमिलाबाई घोटभर पाणी प्यायल्या. काठ उंच, वाळू तापलेली, गरम हवेतून आवाज वळतो, बारीक होतो. वर्गात त्यांनी हे शिकवलेलं होतं. पण ते मनाच्या वरवर चाललं होतं. आत एकच गोष्ट धडधडत होती. पल्याडून भागीचा आवाज ऐकू येतो, लहानपणचा, मागून तेच तेच म्हणणारा.

"हेमराज," त्या म्हणाल्या, "उद्या मला तुझ्या बागेत नेशील का?"

आखाजीला रूपाने ओट्यावर निंबाचे डहाळे बांधले. जेवायला खापरावरचे मांडे होते आणि आमरस होता. शहनाजबींनी हाताला मेंदी लावून घेतली होती. जेवण झाल्यावर हेमराज मोटारसायकल घेऊन आला आणि प्रमिलाबाई पदर घट्ट आवळून मागे बसल्या. पुलावरून वळसा घालून ते पलीकडे पोचले. काठाला एक बाभूळ होती. तिच्या सावलीत हेमराजने त्यांना खाट टाकून दिली, पाण्याची बाटली दिली.

"लाईट आली शे, मी मोटर लावून येतो. बसा निवांत."

तो केळीत दिसेनासा झाला. प्रमिलाबाई बसल्या. समोर वाळूच्या पार 'विसावा'चा ओटा, त्यावर रंगीत ठिपक्यांची ओळ. डावीकडून तिसरा हिरवा ठिपका म्हणजे भागी. तिच्या शेजारी जागा रिकामी आहे की नाही ते इतक्या लांबून दिसत नव्हतं.

आणि आवाज आला.

पोरींचा आवाज. तुरट, किनरा, हसण्याने तुटणारा. प्रमिलाबाईंच्या अंगावर काटा आला, पण तो सुखाचा होता. एक आवाज शिवी देत होता आणि त्याच्या मागून दुसरा, बोबडा, शेवटचे शब्द उचलत होता. तो भागीचा होता. परकर वर खोचून, नाक ओढत, अक्काच्या सावलीत उभी राहणाऱ्या भागीचा. किती वर्षं झाली होती. प्रमिलाबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि त्या हसत होत्या.

पुढच्या शिवीला या काठाने उत्तर दिलं नाही.

पलीकडे सगळ्या वाट बघत होत्या. बागेतली पानं हलायची थांबली होती. आपल्या आजूबाजूलाही कुणीतरी श्वास रोखून उभं आहे, असं प्रमिलाबाईंना वाटलं. इकडे कुणाला उत्तर सुचत नव्हतं.

त्यांना सुचलं.

इतक्या वर्षांनी, अख्खं, यमकासकट सुचलं. त्यांनी कमरेवर हात ठेवले आणि पोटातून आवाज काढून ते नदीपार भिरकावलं. बाहेर पडलेला आवाज किनरा होता. मागे, उजवीकडे, डावीकडे हशा पिकला. एका गार हाताने त्यांच्या पाठीवर थाप मारली.

त्यांनी वळून पाहिलं. केळी होती.

पलीकडून उत्तर आलं. त्यांनी परतवलं. पुन्हा आलं, पुन्हा परतवलं. त्यांना दम लागत नव्हता. गुडघे दुखत नव्हते. मुलींच्या शाळेतली प्रमिलाबाई, पेनने कोडी सोडवणारी प्रमिलाबाई, ओंजळीत ढेकळं घेऊन फेकत होती आणि ती पोचत होती.

मग पलीकडच्या पुढारिणीने एक शिवी दिली.

ती प्रमिलाबाईंची स्वतःची होती. एका आखाजीला त्यांनी रचलेली. तिला उत्तर नाही हे त्यांना तेव्हाच माहीत होतं.

त्या गप्प झाल्या.

पलीकडे जल्लोष झाला. आणि त्यातून भागीचा आवाज, साखरेसारखा, "ती एकली उभी शे ना, ती. तिले आनूत. अक्का, तिलेच आनूत."

वाळूत धूळ उठली. ओट्यावरचे ठिपके होते तिथेच होते. धूळ मात्र नदी ओलांडत येत होती.

प्रमिलाबाईंनी हेमराजला हाक मारायला तोंड उघडलं.

तापलेले, चिकट, लहान लहान हात मनगटांना बिलगले.

त्या ओढल्या गेल्या. पायातल्या चपला कुठेतरी राहिल्या. वाळू भाजत होती आणि त्या पळत होत्या, खिदळत होत्या, जशा पांझरेत पळायच्या तशा, आणि कुणाचे हात आहेत हे बघायला त्यांना सवडच झाली नाही.

सावल्या लांबल्या तेव्हा त्या ओट्यावर बसल्या होत्या. छाती धपापत होती. बायका थकून भिंतीला टेकल्या होत्या, शहनाजबी डोळे मिटून गुणगुणत होत्या. रूपा पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिने प्रमिलाबाईंकडे पाहिलं आणि ती जरा बुचकळ्यात पडली.

"आजी, तुम्ही कधी आलात? कुणी सोडलं तुम्हाला?"

"रूपा," प्रमिलाबाई म्हणाल्या, "अगं, मी."

"हो हो. घाबरू नका." नव्या बाईशी बोलायचा तिचा मऊ सूर प्रमिलाबाईंच्या चांगला ओळखीचा होता. "नाव आठवतंय का? नाही आठवलं तरी चालेल. पाणी घ्या."

प्रमिलाबाईंनी नाव सांगितलं. गाव सांगितलं, शाळा सांगितली. रूपा मान डोलावत होती, जशी ती सगळ्यांच्याच बोलण्याला डोलवायची. तिचा फोन वाजला.

"बोला, हेमराजभाऊ." ती ऐकत राहिली. मग हसली. "चपला तिथंच राहिल्या का? असू द्या, उद्या आणा. नाही नाही, शोधू नका. अक्का केव्हाच आल्या. वाळूतून चालतच आल्या म्हणे. आंघोळीला गेल्यात."

ती सुपं गोळा करायला आत निघून गेली.

भागाबाई सरकत सरकत प्रमिलाबाईंजवळ आली. तिने त्यांचा हात हातात घेतला, चेहरा जवळ आणला आणि सरळ त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. गेल्या दिवाळीपासून तिने असं कुणाकडे पाहिलं नव्हतं. तिच्या नजरेत फार माया होती. पदराच्या गाठीतून तिने गुळाचा खडा काढला आणि त्यांच्या तळव्यावर ठेवला.

"खाय. रडू नको," ती म्हणाली. "पल्याडन्या पोरले आम्ही ठेवी लेतस नही. अंधार पडाना पहिले मनी अक्का तुले परत सोडी यी."

प्रमिलाबाईंनी तिचा हात घट्ट धरला.

आत न्हाणीघरातला नळ बंद झाला.